निफाडचा पारा आणि लासलगावचा कांदा

२०१९ च्या जानेवारीअखेरीस शिकागोत उपनगरी रेल्वेचे रूळ पेटवले होते. घातपात वगैरे काही नव्हता, रेल्वेवाल्यांनीच पेटवले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांध्यात बर्फ धरला की सांधा हलत नाही, म्हणून तिथे रुळांना लागून गॅसचे बर्नर बसवलेले असतात. त्या आठवड्यात ते सतत जळत होते आणि ज्वाळांवरून धडधडत जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ जगभर फिरले. ३० तारखेला तिथल्या ओहेअर विमानतळावर पारा उणे ३०.६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. वारा धरून अंगाला जाणवणारी थंडी उणे ४७ च्या आसपास. टपाल खात्याने कित्येक राज्यांत वाटप बंद ठेवलं.

दोन दिवस आधी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ट्विट केलं होतं. ग्लोबल वॉर्मिंगला झालंय तरी काय, लवकर परत ये, आम्हाला तुझी गरज आहे, अशा अर्थाचं. घाईत ‘वॉर्मिंग’मधलं एक अक्षर गळालं होतं आणि निम्मं समाजमाध्यम त्या अक्षरावरच हसत बसलं. मूळ प्रश्न तसाच राहिला.

मला तो प्रश्न टाकाऊ वाटत नाही. विचारणाऱ्याचा हेतू टवाळीचा असला, तरी हुडहुडी भरलेल्या माणसाला पृथ्वी तापतेय हे सांगितलं तर त्याने भुवई उंचावली पाहिजे. शंकाही न येता मान डोलावणारे मला जास्त काळजीचे वाटतात.

तर, शिकागोत रूळ पेटत होते त्याच महिन्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात, ॲडलेड शहराने ४६.६ अंशांची दुपार सोसली. तो अख्खा जानेवारी ऑस्ट्रेलियाच्या नोंदींमधला तोवरचा सर्वांत उष्ण महिना ठरला. देशभराची महिन्याची सरासरी पहिल्यांदाच ३० अंशांच्या वर गेली. आणि सगळ्या पृथ्वीचा हिशेब एकत्र केला, तर तो जानेवारी १८८० पासूनच्या सर्वांत उष्ण जानेवारींमध्ये वरच्या पाचांत बसला. शिकागो, मिनियापोलिस, डेट्रॉइट ही सगळी थंडी त्या बेरजेत धरलेली होती, वगळलेली नव्हती. अमेरिका हा नकाशावर ऐसपैस दिसणारा देश पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या जेमतेम दोन टक्के आहे. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटरचा, पृथ्वी ५१ कोटींची. म्हणजे साधारण साडेसोळाशे महाराष्ट्र शेजारी शेजारी मांडले तर पृथ्वी झाकेल. त्यातल्या एका महाराष्ट्रातल्या एका तालुक्यात पहाटे किती गारठा होता, यावरून बाकीच्यांबद्दल काय बोलणार?

हे गणित बरोबर असलं तरी पुरेसं नाही, हे मला माझ्या मामांमुळे कळलं. मामांची नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. बाकीच्या महाराष्ट्राला निफाड बहुधा वर्षातून एकदाच आठवतं, डिसेंबर-जानेवारीत ‘निफाड गारठले’ असा मथळा येतो तेव्हा. त्या बातमीतला आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस, म्हणजे शिकागोच्या महिनाभर आधी, तो आकडा दोन अंशांच्याही खाली गेला होता. त्याच लाटेत २९ डिसेंबरला नागपूरने ३.५ अंशांची नोंद केली आणि १९३७ पासूनचा ३.९ चा नीचांक मोडला. त्या पहाटे मामांचा फोन आला. “तुमच्या पुण्याकडं असंल ते ग्लोबल वॉर्मिंग. थोडं इकडं पाठव की.”

त्यांना साडेसोळाशे महाराष्ट्रांचं गणित ऐकवायची ती वेळ नव्हती. रात्रभर बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटत होत्या. थॉमसन जातीच्या द्राक्षघडांत नुकतं पाणी उतरायला लागलेलं. अशा वेळी रात्री पारा एवढा उतरला आणि दुपारी पुन्हा पंचवीसच्या वर गेला, की मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते, आणि हिरवे राहायचे ते मणी गुलाबी पडतात. बागायतदार त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात. चवीला गोडच, पण निर्यातीच्या पेटीत त्यांना जागा नाही. म्हणून कुणी घडांना जुन्या वर्तमानपत्रांचे कागद गुंडाळतो, कुणी पहाटे ठिबक सोडतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं. आणि शेकोट्या तर असतातच. धूर वर जात नाही, बागेवरच आडवा पसरून राहतो. त्याचंही कारण आहे: अशा रात्री सगळ्यात थंड हवा जमिनीलगत असते आणि काही मीटर वरची हवा तिच्यापेक्षा उबदार. एरवी वर जाताना हवा गार होत जाते, इथे उलटं. धुराला वर जायला वाटच मिळत नाही.

ही उलटी रचना होते कशी, हे नीट पाहिलं तर निम्मं कोडं सुटतं. दिवसा जमीन उन्हाने तापते, रात्री ती ती उष्णता न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात आभाळाकडे सोडून देते. हवेत बाष्प असेल, ढग असतील, तर यातला मोठा भाग अडतो आणि काही परत खाली येतो. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला आणि रात्र मोठी असेल तर उष्णता सरळ निघून जाते. गार झालेली हवा जड असते, ती सखल जागी साचते. निफाड तालुका गोदावरीच्या खोऱ्यात आहे; नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा भेटतात ते याच तालुक्यात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर हिमकण दिसतात, त्यामागचं भौतिकशास्त्रही हेच. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. तो चार-पाच अंश दाखवत असताना खाली गवताचं पातं शून्याला टेकलेलं असू शकतं.

आता यातली गंमत अशी, की द्राक्षवाल्याला निरभ्र रात्रीपेक्षा ढगाळ रात्र जास्त नकोशी असते. आभाळ आलं की थंडी पळते हे खरं, पण मागोमाग भुरी आणि डावणी हे बुरशीचे रोग येतात, फवारण्या वाढतात. ‘आभाळ आलंय’ हे वाक्य मामा ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात शहरातली माणसं ‘दवाखान्यात नेलंय’ म्हणतात. पण आभाळ आलं की रात्र उबदार होते हे ज्याला माहीत आहे, त्याला हरितगृह परिणाम वेगळा शिकवायची गरज नाही. जॉन टिंडल या आयरिश शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लंडनमध्ये नळीत एकेक वायू भरून हेच मोजायला सुरुवात केली. ऑक्सिजन आणि नायट्रोजन उष्णतेचे किरण जवळपास तसेच जाऊ देतात, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात, हे त्याला दिसलं. हवेतली वाफ एका उन्हाळी रात्रीपुरती जरी काढून घेतली तरी इंग्लंडमधली झाडंझुडपं गारठून मरतील, असं त्याने लिहून ठेवलं आहे. द्राक्षबागेतल्या माणसाला हे वाचून नवल वाटायचं कारण नाही.

मग कार्बन डायऑक्साइड वाढलाय तर निफाडची रात्र उबदार का होत नाही? होते की. फक्त किती, हे पाहावं लागतं. औद्योगिक काळाच्या आधीपासून आजवर पृथ्वीची दीर्घकालीन सरासरी साधारण सव्वा ते दीड अंशाने वाढली आहे. निफाडमध्ये एका थंड दिवशी पहाटे आणि दुपार यांत वीस-बावीस अंशांचा फरक असतो. उत्तरेकडून वारे सुटले की दोन-तीन दिवसांत रात्रीचा पारा सात-आठ अंशांनी घसरतो. एवढ्या मोठ्या चढउतारांखाली तो दीड अंश आहे. कातडीला तो कळणार कसा? ती पहाट दीडशे वर्षांपूर्वी आली असती तर कदाचित आणखी थोडी गार असती, इतकंच म्हणता येतं. आणि मुळात हिवाळा येतो पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून, ध्रुवावर महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही म्हणून. धुराड्यांनी तो कल बदललेला नाही. थंडीला यायला हवामानबदलाची परवानगी लागत नाही.

मामांना हे सांगताना मी शेवटी लासलगावच्या बाजार समितीकडे वळले, कारण तीही त्यांच्याच तालुक्यात आहे. तिथे रोज कांद्याचे तीन भाव जाहीर होतात: किमान, कमाल, सरासरी. वेधशाळेसारखंच. एखाद्या फेब्रुवारीत कांदा असा कोसळतो की काढणीचा खर्च निघत नाही, शेतकरी ट्रॅक्टर रस्त्यावर ओततात. त्या दिवशी ‘महागाई संपली’ असं कोणी म्हणतं का? डिझेल, खत, मजुरी, शाळेची फी यांची बेरीज वर्षानुवर्षं चढतीच असते आणि कांदा आपल्या कारणांनी वरखाली होत राहतो. वीस वर्षांपूर्वी जो भाव परवडायचा तोच आज मातीमोल वाटतो, ही चढतीची खूण.

मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ते बरोबर. पण मग सरासरी काढतंय कोण? इथं आडत्याच्या सरासरीवर पण आपला विश्वास नाही.”

रास्त शंका. पृथ्वीची सरासरी काढायला हजारो जमिनीवरची केंद्रं, जहाजं आणि समुद्रात तरंगणारी यंत्रं लागतात, आणि अमेरिका, ब्रिटन, युरोप, जपान इथल्या वेगवेगळ्या संस्था ती आपापल्या पद्धतीने काढतात. त्यांचे आकडे दशांशात इकडेतिकडे होतात, चढण एकच निघते. शिवाय हवेचं तापमान हा त्या हिशेबाचा लहान भाग आहे. हरितगृह वायूंनी अडवलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र गिळतो. तिथे पहाटेचा गारठा नाही, थंडीची लाट आली-गेली नाही. खालच्या थरांपर्यंत तापमान सावकाश वाढत चाललं आहे. थर्मामीटर कुठे लावायचा असं मला कोणी विचारलं तर मी समुद्रात म्हणेन.

शिकागोची गोष्ट मात्र नुसत्या निरभ्र रात्रीची नव्हती. तिची सुरुवात जमिनीपासून तीस किलोमीटर वर झाली होती, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत रस वाटतो तो या भागात.

ध्रुवीय रात्रीत उत्तर ध्रुवावरची वरच्या थरांतली हवा भयंकर गार होते आणि तिच्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचं कडं तयार होतं. हा ध्रुवीय भोवरा. तो दरवर्षी शरद ऋतूत बनतो, वसंतात विरतो, नवीन काही नाही. भोवरा घट्ट असला की गारठा बऱ्यापैकी ध्रुवाजवळ कोंडलेला राहतो. पण खालून, डोंगररांगा आणि जमीन-समुद्र यांच्या तापमानातल्या फरकामुळे उठलेल्या हवेच्या प्रचंड लाटा वर चढतात आणि कधीकधी या कड्यावर जाऊन फुटतात. वारे मंदावतात, उलटेही वाहू लागतात. ध्रुवावरची हवा खाली दाबली जाते, दाबली गेली की तापते, आणि काही दिवसांत त्या उंचीवरचं तापमान तीस-चाळीस अंशांनी चढतं. जर्मन हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग यांना १९५२ च्या हिवाळ्यात बर्लिनहून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींत हे पहिल्यांदा सापडलं. भर थंडीत वरचा थर असा एकदम तापलेला पाहून त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करायला मला आवडतं. यंत्र बिघडलं असं कुणाच्याही मनात पहिल्यांदा येईल.

२०१९ च्या १-२ जानेवारीच्या सुमारास असंच झालं आणि भोवऱ्याचे तुकडे पडले. त्याचा परिणाम खालच्या हवेत उतरायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. महिनाअखेर एक तुकडा उत्तर अमेरिकेवर झुकला आणि ध्रुवाकडची हवा शिकागोच्या इलिनॉय राज्यापर्यंत पोचली. ही थंडी नव्याने तयार झालेली नव्हती. ती जागा सोडून आली होती, आणि ती जिथून निघाली तिकडे दक्षिणेकडची उबदार हवा शिरते. म्हणूनच अशा आठवड्यांत अलास्का किंवा ध्रुवीय पट्ट्याचा काही भाग नेहमीपेक्षा कितीतरी उबदार निघतो, आणि त्याची बातमी होत नाही, कारण तिथे रूळ पेटवायला कोणी राहत नाही.

आता वादाचा मुद्दा. आर्क्टिक १९७९ पासून बाकी पृथ्वीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं आहे. ध्रुव आणि मध्य अक्षांश यांतला फरक कमी झाला तर जेट प्रवाह, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, ढिला पडेल, जास्त नागमोडी होईल आणि गारठा वरचेवर खाली सांडेल, अशी मांडणी जेनिफर फ्रान्सिस आणि स्टीफन व्हाव्हरस यांनी २०१२ मध्ये केली. ऐकायला ती फारच सुबक आहे. वर्तमानपत्रांना तर सोन्याची, कारण ‘तापमानवाढीमुळेच थंडी’ हा मथळा चालतो. शास्त्रज्ञांचं मात्र एकमत नाही. काहींना नोंदींत तसा धागा दिसतो. काही म्हणतात की तो नैसर्गिक चढउतारांपासून वेगळा काढता येत नाही आणि संगणकी प्रतिमानांत तो नीट उमटत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालानेही याबद्दल हात राखूनच लिहिलं आहे.

माझं मत विचाराल तर, थंडीची लाट आली की ‘हे हवामानबदलामुळेच’ म्हणणाऱ्या उत्साही मंडळींचा मला ट्विट करणाऱ्यांइतकाच वैताग येतो. दोघेही एका रात्रीला साक्षीला उभं करतात आणि तिला माहीत नसलेलं तिच्याकडून वदवून घेतात. उष्णता वाढली तरी तापमानवाढ, थंडी पडली तरी तापमानवाढ, असं बोलत गेलं की ऐकणारा एक दिवस म्हणतो, मग ही गोष्ट खोटी ठरणार तरी कशाने? त्याचं उत्तर द्यायला हवं, आणि ते देता येतं.

अमेरिकेतल्या नोंदींचा एक हिशेब २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हवामान स्थिर असेल तर दैनंदिन उच्चांक आणि नीचांक मोडण्याचं प्रमाण जवळपास सारखं असायला हवं. २००० नंतरच्या दशकात तिथे एका नव्या नीचांकामागे साधारण दोन नवे उच्चांक पडत होते. नीचांक थांबले नव्हते, मागे पडले होते. हे प्रमाण उलटं असतं, तर तापमानवाढीच्या दाव्याला खरंच धक्का बसला असता. नागपूरचा २०१८ चा ३.५ हा आकडा मी याच यादीत ठेवते. तो खरा आहे, त्याला सारवायचं कारण नाही. पण पुण्याचा १.७ अंशांचा नीचांक १९३५ चा, मुंबईचा ७.४ चा १९६२ चा, आणि ते अजून तसेच आहेत.

त्यातही एक खोच. हवामान खातं थंडीची लाट ठरवतं ती ‘सामान्य’ तापमानाच्या तुलनेत. मैदानी भागात किमान पारा १० अंश किंवा खाली, आणि सामान्यपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. हे सामान्य तीस वर्षांच्या सरासरीवरून काढतात आणि दर दशकाला पुढे सरकवतात. आता १९९१ ते २०२० धरतात. म्हणजे मोजपट्टीच वर चढते आहे. आजीच्या काळात ज्या पहाटेला कुणी लाट म्हटलं नसतं, ती आज लाट ठरू शकते. आजी-आजोबांच्या ‘आमच्या वेळी थंडी असायची’वर मी एरवी फारसा भरवसा ठेवत नाही, कारण त्यांच्या वेळी अंगात स्वेटरही कमी असायचे. पण या बाबतीत वेधशाळेची वही त्यांच्या बाजूने आहे. शहरात तर काँक्रीटने आणखी भर घातली. पुण्यात एकाच पहाटे शहराबाहेरच्या एनडीएच्या बाजूला आणि दाट बांधकामाच्या मगरपट्ट्यात पाच-सहा अंशांचा फरक दिसतो. एकाच शहरातली माणसं वेगवेगळ्या हिवाळ्यांवरून भांडू शकतात, आणि भांडतातही.

आपल्याकडे ही सगळी गुंतागुंत एका हंगामात पाहायची तर २०२२-२३ चा हिवाळा घ्यावा. प्रशांत महासागरात सलग तिसऱ्या हिवाळ्यात ला निना होती, म्हणजे विषुववृत्ताजवळचं तिथलं पाणी नेहमीपेक्षा गार होतं. डिसेंबर २०२२ देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला कमाल तापमानाच्या बाबतीत सर्वांत उष्ण डिसेंबर ठरला. मग जानेवारी उजाडला आणि उत्तर भारत गोठला. ८ तारखेला दिल्लीत सफदरजंगला १.९ अंश, राजस्थानात चुरूला शून्याच्या आसपास. आणि लगेच फेब्रुवारी आला तो कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी, २९.५ अंशांचा. एकाच हिवाळ्यात दोन उष्ण विक्रम आणि मध्ये एक कडाका. बातम्यांत राहिला तो कडाका.

या कडाक्यामागे ध्रुवीय भोवरा शोधायची गरज नसते. आपली थंडी ठरते पश्चिमी विक्षोभांवर. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही वादळं हिमालयात बर्फ टाकून पुढे जातात आणि त्यांच्या पाठीमागे बर्फावरून आलेली कोरडी वायव्य हवा मैदानात उतरते, मग मध्य प्रदेश ओलांडून खानदेश, विदर्भ, नाशिक. ती यायला मधल्या दिवसांत आभाळ मोकळं हवं. एकामागून एक विक्षोभ रांगेने आले, ढग हटलेच नाहीत, किंवा ते आलेच नाहीत, तर थंडी बिनसते. डिसेंबर २०२२ मध्ये ते फारसे आले नाहीत.

आणि शेतकऱ्याला थंडी नकोच असते असं कोणी समजू नये. गव्हाला थंडी लागते. ती मिळाली तर फुटवे चांगले येतात, दाणा भरतो. हरभऱ्यालाही ती मानवते. मामांच्या भावकीत ज्यांच्याकडे गहू आहे ते लाटेत खूश असतात आणि बांधापलीकडे द्राक्षवाला शेकोटी पेटवून बसलेला असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत उलटं झालं: दुपारी ऊन तापायला लागलं तशी गव्हाची ओंबी दाणा पुरता भरायच्या आत पिवळी पडू लागली. दोघांनाही खरी धास्ती आता थंडीपेक्षा तापमानाच्या उड्यांची आहे. पीक जुळवून घेतं, पण त्याला थोडा अवधी लागतो.

त्या बागांपलीकडे उसाच्या फडालगत बीडकडून, नगरकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. वर पाचट आणि ताडपत्री, खाली जमीन. सर्वांत गार हवा जमिनीलगत असते हे वर लिहिलंच आहे. पहाटे चारला कोयता हातात घेऊन फडात उतरणाऱ्या बाईला गेल्या शंभर वर्षांत भारताचं सरासरी तापमान किती वाढलं याने काय फरक पडतो? थंडीच्या लाटा विरळ होत जातील हे बरोबर, पण विरळ झालेल्या गोष्टीची तयारी कोणी करत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासने हे श्रीमंत पद्धतीने करून दाखवलं. उष्ण राज्य, थंडी येते कधीतरी, म्हणून गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं थंडीपासून जपलेली नव्हती. १६ तारखेला डॅलसमध्ये उणे १९ अंश झालं, ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ माणसं दगावली. मिनेसोटात त्या तापमानाला मुलं शाळेत जातात. आपल्याकडे घोंगड्या वाटायची आठवण होते ती लाट आल्यावर, आणि ती फोटोसकट.

फळपीक विम्यात द्राक्षाला अवकाळी पावसाबरोबर किमान तापमानाचाही निकष आहे. तो ठरतो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. केंद्र असतं उंचवट्यावर किंवा गावाजवळ, बाग असते नदीच्या बाजूला सखल भागात. मामांनी म्हणून स्वतःचा एक तापमापक बागेत मांडवाच्या उंचीला टांगला आहे आणि वहीत आकडे लिहितात. विम्यासाठी त्या वहीचा काडीचा उपयोग नाही, हे त्यांना माहीत आहे.

त्या वहीवरून घरात सध्या वेगळाच वाद चालू आहे. मामेभावाचं म्हणणं, गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, पुढच्या वर्षीपासून सप्टेंबरातच घेऊन टाकावी, म्हणजे माल थंडीच्या तोंडी सापडायच्या आत काढणीला येईल आणि भावही चढा मिळेल. मामांचं म्हणणं, सप्टेंबरात छाटली की कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते, आणि तो पाऊस हल्ली ऑक्टोबर संपला तरी हलत नाही. थंडी परवडली, ती चार रात्रींची असते. डावणीने घडच जिरले तर वर्ष गेलं. भाऊ म्हणतो, निम्मी बाग लवकर छाटू, निम्मी उशिरा. मामा म्हणतात, मग दोन्हीकडून मार खाऊ. मला विचारलं तेव्हा मी फक्त येत्या हिवाळ्यात ला निना आहे की नाही ते पाहून सांगते म्हटलं. त्यावर मामी आतून म्हणाल्या, “तिला काय विचारता, तिच्या फ्लॅटमध्ये तर पंखा चालू असतो जानेवारीत.”